तिसऱ्या ओळीची चूक

शनिवारी उन्हं कलली की रावजीचे पाय आपोआप मोरीकडे वळायचे. अंघोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानात अत्तराचा फाया आणि हातात पिकअपची किल्ली. निमगाव केतकीच्या शिवारात त्याचा पानमळा होता, मळ्याच्या खालच्या अंगाला डाळिंब. पन्नाशी ओलांडलेला, मळ्यात अनवाणी शिरणारा, वेलीला शिवण्याआधी हात धुणारा माणूस. गावात कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण शनिवारी सोलापूर रस्त्यावरच्या कलाकेंद्राच्या पायऱ्या चढला की तोच माणूस 'रावजीशेठ' व्हायचा.

तिथं छकुली-सोनम पार्टीची लावणीची बैठक असायची. छकुली गायची, धाकटी बहीण सोनम नाचायची. छकुलीला ते नाव फ्रॉकात असताना पडलं होतं. आता डोळ्यांवर चष्मा आला, केसांत मेंदी आली, तरी बोर्डावर छकुलीच. लोडाला टेकलेल्या दहापाच माणसांसमोर ती बसून गायची आणि गाता गाता भुवई अशी उचलायची, की अगदी दाराशी बसलेल्यालाही वाटावं, ही आपल्यालाच काहीतरी विचारते आहे.

गावाला वाटे, रावजी सोनमच्या पायांसाठी जातो. खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

पंधराएक वर्षांपूर्वी बारामतीच्या एका पानवाल्या व्यापाऱ्यानं त्याला पहिल्यांदा तिथं नेलं. रावजी कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. सोनम नाचता नाचता त्याच्यापुढं आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "पाव्हणं, गप का? जीभ घरी इसरून आलासा?"

रावजीच्या तोंडून निघून गेलं, "जीभ आणलीया, बाई. पर पानाचा धंदा हाय आपला. रंगल्याबिगर भाईर काढत न्हाय."

सगळी बैठक हसली. ढोलकीवर मल्हार होता, त्यानं त्या वाक्यावर एक कडक थाप टाकली. छकुलीनं पेटी थांबवली, चष्मा तेव्हा नव्हता, डोळे पुसले आणि म्हणाली, "ह्यांना पुढं बसवा गं."

आयुष्यात कुणी रावजीला पुढं बसवलं नव्हतं. शाळेत तो मागच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत शेवटच्या रांगेत, सोसायटीच्या सभेत दाराजवळ. ज्याच्या एका वाक्यावर सगळी बैठक अशी हसते, त्याचं पुढं काय होतं हे एकदा तरी तोंडाला रंग लावलेल्या कुणालाही विचारा. ती टाळी कानात घर करून बसते. मग माणूस तिच्यामागं गावोगाव हिंडतो, तंबूत झोपतो, तापानं फणफणलेला असतानाही कमरेला शेला बांधून उभा राहतो. रावजीला तर फक्त गाडीला चावी मारायची होती.

आधी महिन्यातून एकदा, मग दर शनिवारी, आणि गेल्या दोन वर्षांत बुधवारीसुद्धा. फर्माईश म्हटलं की नोट उधळणं, दौलतजादा आलाच, आणि पुढं बसलेल्या माणसाला हात आखडता घेता येत नाही. मळ्यात ठिबकचा नवा संच बसवायचा राहून गेला. रतननं, त्याच्या बायकोनं, पाटल्या करायचं मनात आणलं होतं, ते मनातच राहिलं. घर बुडालं नाही. पण पानांचा चांगला पैसा त्या गालिच्यावर सांडत गेला. रतन भांडली नाही असं नाही. पहिली दोन-चार वर्षं कडाकडा भांडली, मग तिनं ते सोडलं, आणि रावजीला वाटलं की मिटलं.

माघातली गोष्ट. सकाळी मळ्यातून येऊन तो मागच्या अंगणात पाय धूत होता. आत रतन भाकरी थापत होती आणि सून प्राची चुलीपाशी बसली होती. प्राची सुप्याकडची, शिकलेली, वर्षापूर्वी ज्ञानेशशी लग्न होऊन आलेली.

"आत्या, एक विचारू? आबा माझ्यावर रागावलेत का?"

"का गं?"

"वर्ष होत आलं मला येऊन. 'पाणी दे' आणि 'ज्ञानेश कुठं हाय', याच्यापुढं माझ्याशी कधी काही बोलले नाहीत. माझं काही चुकत असेल तर सांगा."

भाकरीचा थपथप आवाज थांबला. मग रतन म्हणाली, "तुझं काय चुकतंय? ते भाईर बोलून येत्यात. घरी येस्तवर संपतं."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर रावजीनं आत जाऊन आवाज चढवला असता. पण टाकीतलं पाणी संपलं, दुपारी मोटार लावू, असं सांगावं तसं ती सांगत होती. पायावर पाणी ओतता ओतता रावजीचा तांब्या तसाच हातात राहिला. कलाकेंद्रात ज्याच्या शब्दासाठी माणसं कान टवकारतात, त्याच्या घरातली पोर वर्ष काढून आज भीत भीत विचारते आहे, की हा माणूस रागावला आहे का.

त्याच आठवड्यात मळ्याची उतरण होती. पानवेल वर्षभर शेवरीच्या झाडावर चढत राहते. उंच गेली की पानं बारीक पडतात. मग ती सबंध वेल हलक्या हातानं खाली घ्यायची, तिचं वेटोळं करून बुडाशी मातीत दाबायचं, आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. हिरवागार मळा एका दिवसात उघडाबोडका दिसायला लागतो. दोन-अडीच महिन्यांनी नवे फुटवे पुन्हा वर चढतात आणि पहिला खुडा होतो. मधल्या दिवसांत मळ्यातून काही मिळत नाही. पाणी द्यायचं आणि वाट बघायची.

रावजी आणि म्हातारा जोतीराम वेली दाबत होते. जोतीराम या मळ्यात रावजीच्या वडलांपासून कामाला होता. शेवटच्या वाफ्यात रावजीनं वेलीवर माती ओढली, हात तसाच वर ठेवला आणि म्हणाला, "पहिला खुडा होईस्तवर बैठक बंद."

"कुणाची?"

"माझी."

जोतीरामनं मान वर केली नाही. "तात्या, वेलीवर हात ठेवून बोललायसा. मी ऐकलंया."

"म्हणून तर तुझ्यापुढं बोललो."

संध्याकाळी त्यानं छकुलीला फोन लावला. न सांगता गायब होणं त्याच्यानं झालं नसतं. पुढं बसणाऱ्या माणसाची जागा रिकामी दिसते.

"बाई, दोन-अडीच महिने येणं व्हायचं न्हाय."

"जिवाला बरं न्हाय का?"

"बरं हाय."

"मग घरात काय?"

"घरातच ऱ्हायचं म्हणतोय."

"मग ऱ्हावा की शेठ. आमचा शनिवार जरा आळणी जाईल. पर घर मोडून आल्यालं माणूस समोर बसलं की मला बी सूर लागत न्हाय." फोन ठेवता ठेवता छकुली म्हणाली, "खुड्याची पानं तेवढी इसरू नका."

दर वर्षी पहिल्या खुड्याची पहिली जुडी ग्रामदेवतेला जायची आणि दुसरी छकुलीला. तिला रावजीच्या मळ्यातलं पान लागायचं. ते खाल्लं की गळा मोकळा होतो असं ती म्हणे.

पहिला शनिवार वाईट गेला. उन्हं कलली, पाय मोरीकडे वळले, अंघोळ झाली, इस्त्रीचा शर्टही अंगात चढला, आणि मग रावजी ओसरीवर येऊन बसला. कुठं जायचं नाही आणि शर्ट इस्त्रीचा. रतननं त्याच्याकडे बघितलं आणि शेंगा फोडायला सूप त्याच्यापुढं सरकवलं. सुपावर त्याची बोटं वाजायला लागली. थोड्या वेळानं तिनं सूप ओढून घेतलं.

"शेंगा फोडायला दिल्यात, ढोलकी न्हाय दिली."

जेवताना त्यानं ठरवलं, आज बोलायचं. प्राचीनं भरलं वांगं वाढलं. रावजीनं घास घेतला आणि बैठकीतल्या सवयीनं हात वर करून मोठ्यांदा म्हणाला, "क्या बात हाय."

प्राचीच्या हातातला डाव ताटात पडला. ज्ञानेश बापाकडे असा बघायला लागला, की जणू घरात कुणी परका येऊन बसला आहे.

"हळू," रतन म्हणाली. "हितं काय दौलतजादा करताय? वांगं हाय ते."

रावजीनं हात खाली घेतला. त्याला एक विचित्र गोष्ट कळली. तिथं तो तासन्तास बोलायचा, पण ते सगळं समोरून आलेल्या चेंडूवर बॅट फिरवणं होतं. सोनमनं टोमणा टाकायचा आणि यानं परतवायचा. इथं कुणी टोमणा टाकत नव्हतं. आपण होऊन काय बोलायचं? सुनेला विचारायचं तर काय विचारायचं? ती काय शिकली हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. एक दिवस त्यानं धीर करून विचारलं, "सुप्याकडं पाऊस कसा हाय यंदा?" तेव्हा फाल्गुन चालू होता. प्राची म्हणाली, "नाही अजून, आबा." आणि दोघंही आपापल्या वाटेनं गेले.

बुधवार जात, शनिवार जात. मळ्यात वेलींनी डोकी वर काढली. जोतीराम येता-जाता एकदा वेलीकडे बघे आणि एकदा रावजीकडे.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला बचत गटांनी मिळून बारामतीच्या नाट्यगृहात लावणीचा कार्यक्रम ठरवला. दुपारचा, फक्त महिलांसाठी. अशा कार्यक्रमांना हल्ली पाय ठेवायला जागा नसते. घरी ज्यांचा आवाज मोरीच्या पलीकडं जात नाही, त्या बायका तिथं शिट्ट्या मारतात, पदर खोचून खुर्च्यांवर उभ्या राहतात. निमगावच्या गटाची अध्यक्ष रतन. ज्ञानेश भाड्याच्या टेंपोतून डाळिंबं घेऊन पुण्याला गेलेला, गाडीवर कोण?

"तुमीच चला," रतन म्हणाली. "एवढ्या बायका हायत, कुणाच्या हाती देऊ?"

पिकअपमध्ये सतरंज्या टाकल्या, वर ताडपत्री बांधली. सगळ्यांत आधी दगडाबाई चढली. गटातली सर्वांत म्हातारी, तोंडाला कुलूप नसलेली.

"रावजी, लेका, आमी निघालो लावणी बघाय आन् तू गाडी हाकणार. देव हाय बग."

"पाय जपून टाका, दगडाबाई."

"जपूनच टाकतीया. तुज्यासारखं न्हाय."

मागं हशा पिकला. केबिनमध्ये रतन आणि प्राची बसल्या. रतननं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ती समोर रस्त्याकडे बघत होती. जंक्शन गाव गेलं, लासुर्णे गेलं. रावजी मनात म्हणत होता, कुठली तरी पुण्यामुंबईची पार्टी असेल. आपल्याला काय.

नाट्यगृहाच्या दारावर मोठा फलक होता. चष्मा काढून काढलेला छकुलीचा फोटो आणि शेजारी सोनम.

रावजी फलकाकडे बघत राहिला. रतन त्याच्याकडे बघत होती. "सुटायला संध्याकाळ व्हईल," ती म्हणाली. "सावलीत बसा." आणि बायका घेऊन आत गेली. दाराशी नऊवारीतली, छातीवर बिल्ला लावलेली एक मुलगी उभी होती. ती रावजीला म्हणाली, "काका, पुरुषांना प्रवेश नाही."

"मी कुठं येतोय," रावजी म्हणाला.

गाडी त्यानं मागच्या बाजूला लिंबाखाली लावली. नाट्यगृहाचा पुढचा भाग कितीही चकचकीत करा, मागचं दार सगळीकडे सारखं. पत्र्याच्या ट्रंका, ओल्या फडक्यात गुंडाळलेले गजरे, भिंतीला टेकवून ठेवलेला हातभर आरसा, चहाचे कागदी पेले. कापडी कनातींतल्या तमाशाच्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात हाच पसारा मांडलेला असे, आणि तिथंच बसून पायात चाळ बांधले जात. त्या दारातून मल्हार चहा घेऊन बाहेर आला.

"शेठ? तुमी हितं कसं?"

"आज डायवर हाय."

"कुणाचा?"

"बायकोचा."

हसता हसता मल्हारच्या हातचा चहा सांडायचा राहिला. मग त्यानं आवाज उतरवला. "अवो, मग उन्हात काय बसता? चला आत. विंगेत पेटाऱ्यावर बसा. तितं अंधार असतोय, कोण बघतंय? बाईंना किती बरं वाटल."

रावजी उठला. दोन पायऱ्या होत्या. पहिली चढला. आतून रंगाचा आणि मोगऱ्याचा वास आला. दोन महिने शेंगा फोडून, पावसाची चौकशी करून काढले होते. विंगेत बसणं म्हणजे काही बैठकीला बसणं नव्हे, असं म्हणता आलं असतं. जोतीरामलासुद्धा ते पटवता आलं असतं. दुसऱ्या पायरीवर त्यानं पाय ठेवला, आणि तेवढ्यात पडद्यापलीकडून बायका हसल्याचा आवाज आला. कुणीतरी काहीतरी बोललं असेल आणि शेकडो बायका एकदम हसल्या. असं हसणं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. बैठकीतला पुरुषांचा हशा त्याला पाठ होता. हा निराळा होता, आणि तो त्याच्यासाठी नव्हता.

त्यानं पाय मागं घेतला.

"नगं, मल्हार. खुडा व्हायचाय अजून."

"कसला खुडा?"

"पानांचा," रावजी म्हणाला आणि लिंबाखाली येऊन बसला.

भिंतीच्या मागून लावणी उलटी ऐकू येते. आधी घुंगरांचे पाय, मग ढोलकी, शब्द सगळ्यांत शेवटी. रावजी डोळे मिटून बसला. सोनम कुठं गिरकी घेते आहे, मल्हार कुठं हात राखून वाजवतो आहे, सगळं त्याला दिसत होतं. तीन-चार लावण्या झाल्या. मग माइकवर छकुलीचा आवाज आला.

"निमगाव केतकीच्या रतनताई नोट घेऊन पुढं आल्यात. फर्माईश हाय म्हणत्यात. कुठलं गाणं, ताई?"

रावजीनं डोळे उघडले.

"नाव न्हाय ठाऊक." माइकवर रतनचा आवाज होता. जरा थरथरणारा, पण रतनचाच. "आमचं मालक मळ्यात पानं खुडताना गुणगुणत्यात. त्यांना बी ठाऊक न्हाय, ते गुणगुणत्यात म्हणून."

आत हल्लकल्लोळ. छकुली म्हणाली, "मग चाल तर सांगा."

आणि रतन गुणगुणायला लागली.

रावजी लिंबाखाली उभा राहिला. तिचा आवाज त्यानं हाका मारताना ऐकला होता, भांडताना ऐकला होता, ज्ञानेशला निजवताना ऐकला होता. पण ही चाल तिच्या तोंडून येईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसतं. आपण मळ्यात हे गुणगुणतो? कधीपासून? आणि ती शेजारच्या वाफ्यात खाली मान घालून पानं खुडत हे सगळं ऐकत होती?

आत एकदम शांत झालं होतं. छकुली बोलली तेव्हा तिचा बैठकीतला आवाज लागला, स्टेजवरचा नव्हे.

"ताई, हे आमच्या आईचं गाणं. कागदावर कुठं न्हाय. बैठक उठताना म्हणते मी. स्टेजवर आजवर म्हटलं न्हाय. तुमच्यासाठी म्हणते. ती नोट पदरात ठेवा, ह्याचं मी घेणार न्हाय." मग जरा थांबून, हसू दाबून ती म्हणाली, "आन् ज्यांच्याकडनं चाल ऐकलीसा त्यांना एवढंच सांगा, तिसऱ्या ओळीला सूर वर जातोय. ते खाली आणत्यात."

खुर्च्यांतून दगडाबाईचा आवाज माइकशिवाय थेट मागच्या भिंतीपर्यंत आला. "सांगतो की. भाईरच बसलाय त्यो."

नाट्यगृह हसून हसून हललं. रावजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण त्या हसण्यात त्याला कुणी हाकलत नव्हतं. मग गाणं सुरू झालं, आणि तिसऱ्या ओळीला सूर वर गेला.

परतताना मागं बायकांची गाणी चालली होती. पिंपळी मागं पडली तेव्हा रावजी समोर बघत म्हणाला, "तिसऱ्या ओळीला मी चुकत न्हाय."

प्राची दचकली. "आबा, तुम्ही ऐकत होता?"

"भिंतीला कान लावायची गरज नव्हती, पोरी. दगडाबाईच्या तोंडाला भिंत पुरत न्हाय." प्राची खुदकन हसली, आणि रावजीनं आरशातून पाहावं तसं तिच्याकडे चोरून पाहिलं. "न्हाय, पर मी चुकत न्हाय. आता ऐक. पहिल्या दोन ओळींत ती बाई रुसल्याली असती. रुसल्यालं माणूस तिसऱ्या ओळीला वर कसं जाईल? खालीच बोलंल की. छकुलीची आई वर नेत असंल, तिचा गळा तसा. मला इचारलं तर..."

आणि तो बोलत राहिला. रुसण्याचा सूर कसा असतो, ढोलकी तिथं का थांबते, एकदा सोनमच्या पायातला चाळ तुटला तेव्हा मल्हारनं नुसत्या बोटांनी घुंगरू कसे वाजवून दाखवले. प्राची मधून मधून विचारत होती. लासुर्णे आलं ते त्याला कळलंही नाही.

मग बोलणं अर्धवट सोडून त्यानं रतनला विचारलं, "हीच पार्टी कशी काय आणली त्यांनी?"

"मी सांगितली. मीटिंगमधी बाकीच्या दुसरीच नावं घेत हुत्या."

"का गं?"

"बघायचं हुतं," रतन म्हणाली, "तुमचं बोलणं कुठं जातंय ते."

"मग? दिसलं?"

रतननं लुगड्याचा काठ सारखा केला. "माइक धरला तवा पदर दोनदा सावरला. वाटलं, उगाच आले पुढं. मग म्या बोलले आन् त्या सगळ्या हसल्या. एवढ्या बायका, माझ्या बोलण्यावर. तवा कसं झालं, काय सांगू."

"म्हाईत हाय," रावजी म्हणाला.

"म्हाईत हाय म्हणूनच सांगितलं," ती म्हणाली. नंतर घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिची बोटं मांडीवर कसला तरी ठेका धरून चालली होती.

पहिला खुडा पंधरवड्यात झाला. अंगठ्यात पान खुडायची पत्र्याची नखी घालून सगळे मळ्यात उतरले. प्राचीही, अनवाणी, हात धुऊन. पानं रुंद आली होती, उन्हासमोर धरली की शिरा मोजाव्यात अशी. जोतीरामनं एक पान डोळ्यासमोर धरलं, मग रावजीकडे बघून म्हणाला, "तात्या, दोघंबी वर आलासा."

ग्रामदेवतेची जुडी बांधून झाली. दुसरी जुडी रावजीनं हातात घेतली आणि तशीच धरून उभा राहिला. शनिवार होता. रतननं ती त्याच्या हातातून घेतली, वरची दोन पानं बदलली, आपल्या हातानं बांधली आणि परत त्याच्याकडे दिली.

"जोतीरामनं सांगितलंया मला. सुटलासा आज तुमी. द्या नेऊन. तिनं माझी नोट घेतली न्हाय, तिचं पान कसं ठेवायचं?"

"येतो देऊन."

"या," रतन म्हणाली. त्या एका शब्दात काय काय होतं ते त्यालाच कळलं असेल.

इस्त्रीचा शर्ट त्यानं घातला नाही. मळ्यातल्याच कपड्यांवर गेला, खिशात डिझेलपुरते पैसे. घरी प्राचीनं स्वैपाक लवकर उरकला आणि ती दाराकडे बघत बसली. ज्ञानेश म्हणाला, "वाट बघू नकोस. शनिवार हाय." रतननं नवऱ्याचं ताट तरीही घेतलं, पालथं घालून ठेवलं. एकदा उठून अंगणात गेली, पुन्हा आत आली. पंधरा वर्षांत तिनं ते ताट असं कितीदा घेतलं होतं आणि सकाळी कोरडंच उचललं होतं.

पश्चिमेला अजून तांबडं होतं तेव्हा पिकअपचा आवाज आला.

रावजीनं पाय धुतले, ताट सुलटं केलं, बसला. प्राचीनं भाकरी वाढली आणि कुणी विचारायच्या आत तो म्हणाला, "पैसं न्हायत म्हटलं, निसती पानं हायत. तर छकुली म्हणाली, पानांवर एक गाणं देते, एकच, आन् मग उठायचं. सोनम म्हणाली, शेठ, मधी कुठं गेला हुतासा? म्हटलं, जीभ घरी ऱ्हायली हुती, आणाय गेलो हुतो. तर ती म्हणती, मग आणली का? म्हटलं, न्हाय, घरच्यांनी ठेवून घेतली."

ज्ञानेश हसला. बापाच्या बोलण्यावर तो मोठा झाल्यापासून पहिल्यांदा हसला असेल. रावजीला चेव आला. त्यानं सोनमसारखा कमरेवर हात ठेवून दाखवला, मल्हारची मान हलवून दाखवली, छकुली चष्म्यावरून कशी बघते ते दाखवलं. भाकरी ताटात निवत होती आणि रतन "आधी जेवा, आधी जेवा" म्हणत होती, पण उठत नव्हती.

"आन् तिसऱ्या ओळीचं काय?" प्राचीनं विचारलं.

"शिकवली मला. समोर बसवून शिकवली." रावजीनं घसा साफ केला, हात कानाशी नेला आणि चाल धरली. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसऱ्या ओळीला सूर व्यवस्थित वर नेला, छकुली नेते तसा. मग थांबून त्यानं रतनकडे बघितलं.

रतननं जरा विचार केला.

"आधीचीच बरी हुती," ती म्हणाली.

रावजीनं मान डोलवली, आणि तीच ओळ पुन्हा, खाली आणून म्हटली.